वृद्धाश्रम तपासावा कसा ?

एखादें घर विकत घ्यावयाचें झालें, तर आपण भिंतीवर बोट वाजवून पाहतों, पावसाळ्यांत छप्पर गळतें काय हें शेजाऱ्यास विचारतों, नळाला पाणी किती वेळ असतें याची चौकशी करतों. पण आपल्या ऐंशी वर्षांच्या मातेस किंवा पित्यास दुसऱ्याच्या हवालीं करावयाचें ठरलें, म्हणजे हाच चौकस गृहस्थ एका दुपारीं वृद्धाश्रमांत जातो, बाग पाहतो, व्यवस्थापकांच्या खोलींत चहा घेतो, देवघरासमोर हात जोडतो आणि "जागा छान आहे" असें सांगत घरीं परत येतो. जागा छान असेलहि. परंतु जागा आणि निगा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली डोळ्यांना दिसते म्हणून दुसरी तेथें आहेच असें धरून चालणें हा या विषयांतला सर्वांत महाग पडणारा भ्रम होय. निगा तपासतां येते काय, व येत असल्यास कशी, याचा थोडा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

या विषयांत इंग्लंडचें उदाहरण मी वारंवार घेणार आहें. तेथें सर्व कांहीं आदर्श आहे म्हणून नव्हे. तेथील लोकांनीं चुका केल्या, त्यांची चौकशी केली आणि ती चौकशी छापून जगापुढें ठेवली म्हणून. निराधार वृद्धांची रवानगी त्या देशांत पूर्वीं 'वर्कहाऊस' नांवाच्या दरिद्रगृहांत होत असे. लंडनच्या पश्चिमेस असलेल्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयांतील डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे १९३५ सालीं शेजारच्या अशाच एका दरिद्रगृहाचा रुग्णविभाग सोंपविण्यांत आला. त्यांत ७१४ रुग्ण होते, आणि त्यांतले कित्येक दीर्घ काळ अंथरुणांतच पडून होते. डॉ. वॉरन यांनीं एकेकाची वेगळी तपासणी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, पुष्कळांना रोगापेक्षां अंथरुणानेंच अधिक जखडलेलें आहे. योग्य उपचार व व्यायाम मिळतांच त्यांतले कांहीं चालूं लागले, कांहीं घरीं परतले. वृद्धवैद्यक ही जी शाखा आज सर्वमान्य झाली आहे, तिचा एक उगम या खोल्यांतून झाला. तपासणी म्हणजे केवळ दोष काढण्याचा उद्योग अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें. येथें तपासणी हाच उपचाराचा आरंभ होता.

पुढें १९४८ च्या 'नॅशनल असिस्टन्स ॲक्ट'नें खासगी वृद्धगृहांची नोंदणी सक्तीची केली व अधिकाऱ्यांस तेथें जाऊन पाहण्याचा हक्क दिला. परंतु पाहण्याचा हक्क मिळाला म्हणजे पाहण्याची दृष्टीहि मिळते असें नाहीं. पीटर टाउनसेंड नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें १९५८-५९ मध्यें इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धगृहें पाहिलीं व १९६२ मध्यें 'द लास्ट रेफ्यूज' या ग्रंथांत त्यांचें वर्णन केलें. या गृहस्थांनीं व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्याच. पण एका जुन्या, मोठ्या संस्थेंत ते कांहीं दिवस वृद्धांना स्नान घालणारे मदतनीस म्हणूनहि राहिले. मला त्यांच्या सर्व अभ्यासांत हीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. स्नानगृहांत कांहीं लपत नाहीं. पाणी ऊन आहे कीं नाहीं, दार लोटलेलें आहे कीं सताड उघडें आहे, एकाच पंचानें तिघांना पुसलें जातें काय, उघड्या अंगानें माणसास रांगेंत बसवून ठेवलें जातें काय, हें सर्व तेथें एका तासांत कळतें. कार्यालयांतल्या दप्तरांतून तें एका वर्षांतहि कळणार नाहीं. आपल्याकडे पाहुण्यास न्हाणीघर दाखविण्याची चाल नाहीं. वृद्धाश्रम पाहावयास जाणाऱ्यानें मात्र तें मागून पाहावें.

तर मग पाहावें तरी काय काय ? पहिली गोष्ट अगदीं साधी, पाण्याची. वय वाढतें तशी तहान लागल्याची जाणीव मंदावते. शरीरास पाणी हवें असतें, पण तोंड तें मागत नाहीं. शिवाय रात्रीं उठून शौचकूपापर्यंत जाण्यास कोणी हात देत नसेल, तर पुष्कळ वृद्ध संध्याकाळपासून मुद्दामच पाणी पिणें सोडतात. म्हणून उशाशीं भरलेला तांब्या दिसला एवढ्यावर संतुष्ट होऊं नये. तो हात पोंचेल एवढ्या अंतरावर आहे काय, कंप असलेल्या हातास तो उचलतां येतो काय, आणि मुख्य म्हणजे सकाळीं भरलेला तांब्या दुपारपर्यंत कितीसा रिकामा होतो, हें पाहावें. सुकलेली जीभ, ओढलेला चेहरा व नव्यानें सुरूं झालेलें असंबद्ध बोलणें यांचें कारण कित्येकदां वार्धक्य नसून पाण्याचा अभाव असतें.

दुसरी गोष्ट वजनाची. चांगल्या वृद्धाश्रमांत दर महिन्यास प्रत्येकाचें वजन घेऊन तें लिहून ठेवितात. एका महिन्यांत शेंकडा ५ किंवा सहा महिन्यांत शेंकडा १० वजन नकळत उतरलें, तर ती धोक्याची सूचना समजून कारण शोधावें, असा वैद्यकांत संकेत आहे. पन्नास किलो वजनाच्या बाईंचें वजन एका महिन्यांत अडीच किलोंनीं घटलें, तर डोळ्यांना कदाचित् कांहीं दिसणार नाहीं. पातळाचा ओचा तेवढा अधिक वळेल. पण वहीला तें दिसतें. मग प्रश्न विचारतां येतो: कवळी सैल झाली आहे काय ? गिळतांना ठसका लागतो काय ? ताट समोर ठेवून अर्ध्या तासानें तसेंच उचलून नेतात काय ? मासळी खाणाऱ्या घरच्या माणसास आयुष्याच्या अखेरीस रोज पातळ वरण व दुध्याची भाजीच मिळते काय ? वजनाची वही नसेल, अथवा बाराहि महिने तिच्यांत एकच आंकडा लिहिलेला असेल, तर तिचा अर्थ काय तें सांगण्याची गरज नाहीं.

तिसरी गोष्ट कातडीची, आणि येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या माकडहाडाशीं, खुब्याशीं व टांचांशीं ज्या जखमा होतात, त्यांस शय्याव्रण म्हणतात. शरीराच्या भारानें त्या जागेचा रक्तपुरवठा दबतो व तेथील मांस मरूं लागतें. डोरीन नॉर्टन या इंग्लिश परिचारिकेनें १९६० च्या सुमारास वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून एक सोपें मापन तयार केलें. शरीराची स्थिति, मनाची स्थिति, चालणें-फिरणें, अंथरुणांतली हालचाल व मलमूत्रावरील ताबा या पांच गोष्टींस प्रत्येकीं एक ते चार गुण द्यावयाचे. एकूण वीसांपैकीं चौदा किंवा त्याहून कमी गुण पडले, तर अशा माणसास व्रण होण्याचा संभव आहे असें समजून आधींच सावध राहावयाचें. यांतलें मर्म असें कीं, व्रण हा दैवाचा घाला नसून बहुतेक वेळां टाळतां येण्यासारखी गोष्ट आहे. ठराविक वेळानें कूस बदलणें, ओली चादर ताबडतोब काढणें, पुरेसें अन्न देणें, एवढ्यावर पुष्कळसें अवलंबून असतें. म्हणून तपासनीस शय्याव्रणांची संख्या विचारतो, ते या आश्रमांत झाले कीं बाहेरून येतांना होते हें विचारतो, आणि कूस बदलल्याच्या नोंदी मागतो. एक गोष्ट आपल्या लोकांनीं विशेषेंकरून लक्षांत ठेवावी. युरोपीय पुस्तकांत सुरुवातीची खूण म्हणून दाबल्यावरहि न जाणारी लाली पाहावी असें सांगितलेलें असतें. सावळ्या अंगावर ती लाली सहसा दिसतच नाहीं. तेथें बोटांनीं चाचपावें; आजूबाजूच्या भागापेक्षां ती जागा ऊन, टणक किंवा दुखरी लागली तर ती खूण समजावी.

औषधांचा प्रश्न याहून नाजूक आहे. शांत वृद्धाश्रम पाहून पाहुण्यास बरें वाटतें. दुपारच्या अकरा वाजतां सर्वजण खुर्च्यांवर डुलक्या घेत बसलेले असतात. कोणी ओरडत नाहीं, कोणी भटकत नाहीं. ही शांतता समाधानाची आहे कीं गोळ्यांची ? ब्रिटनमध्यें प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनीं २००९ सालीं सरकारला जो अहवाल सादर केला, त्यांत असा अंदाज होता कीं, स्मृतिभ्रंश झालेल्या सुमारें १,८०,००० लोकांना वर्षाकाठीं मनोविकारावरील तीव्र औषधें दिलीं जातात; त्यांपैकीं सुमारें ३६,००० लोकांनाच त्यांचा कांहीं उपयोग होतो, आणि त्या औषधांमुळें दरवर्षीं सुमारें १,८०० मृत्यु अधिक होतात. दोरीनें बांधणें सर्वांस निंद्य वाटतें; गोळीनें बांधणें सभ्य दिसतें, एवढाच भेद. यासाठीं औषधाच्या नोंदवहींत झोंपेचें अथवा शांततेचें औषध कोणास, कोणाच्या सांगण्यावरून, केव्हांपासून दिलें जातें व त्याचा फेरविचार कोणत्या तारखेस झाला, हें पाहणें आज कुशल तपासणीचें एक मुख्य अंग समजलें जातें.

आतां खरी अडचण पुढें येते. ज्यास बोलतां येतें त्यास विचारतां येईल. पण ज्याची स्मृति गेली आहे, ज्याचे शब्दच हरपले आहेत, त्याचें सुखदुःख तपासनिसानें कसें जाणावें? ब्रॅडफर्ड विद्यापीठांत टॉम किटवुड व त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचा फार बारकाईनें विचार केला. त्यांचें म्हणणें असें कीं, स्मृति गेली तरी माणूस शिल्लक असतो, आणि भोंवतालच्या लोकांच्या वागण्यानें तो दर घटकेस फुलत किंवा कोमेजत असतो. याच परंपरेंतून इंग्लंडांतील तपासनिसांसाठीं निरीक्षणाची एक पद्धत तयार झाली. तपासनीस दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत गुपचूप बसतो आणि ठराविक मिनिटांच्या टप्प्यांनीं चारदोन वृद्धांविषयीं टिपून ठेवितो: मुद्रा प्रसन्न आहे कीं त्रस्त ? तो कशांत गुंतला आहे, कीं शून्यांत पाहत आहे ? या अवधींत त्याच्याशीं कोणी बोललें काय, व बोललें तर कसें ? ही पद्धत ऐकावयास किरकोळ वाटते. पण एका ताटाचेंच उदाहरण घ्या. एक सेविका उभ्यानेंच घांस भरवीत दुसरीशीं गप्पा मारते. दुसरी न बोलतां भरभर चमचे पुढें करते. तिसरी शेजारीं बसते, "आज अळूचें फदफदें आहे हं" असें सांगते, गिळून होईपर्यंत थांबते. दप्तरांत तिघींची नोंद एकच: "भोजन दिलें."

हांक मारण्याचीहि गोष्ट याच सदरांत येते. आपल्या भाषेंत 'तूं', 'तुम्ही' आणि 'आपण' यांत माणसाची सारी प्रतिष्ठा सांठविलेली आहे. जिला तीन पिढ्यांनीं 'बाई' म्हणून नमस्कार केला, अशा निवृत्त मुख्याध्यापिकेस "ए आजी, ऊठ" असें कोणी म्हणालें, तर तें प्रेमानेंहि असूं शकेल. पण तिला तें आवडतें काय, हें एकदां तरी तिला विचारलें होतें काय? काकू, मावशी, आजी, बाई, अमुक-ताई यांपैकीं कोणत्या नांवानें हांक मारलेली आवडेल, हें प्रवेशाच्याच दिवशीं विचारून लिहून ठेवणारा आश्रम मला संगमरवरी फरशीच्या आश्रमापेक्षां अधिक विश्वासार्ह वाटतो. दारावर टकटक करून आंत येणें, स्वतःच्या कपाटाची किल्ली स्वतःपाशीं असणें, टपाल न फोडतां हातीं देणें, याहि त्याच जातीच्या गोष्टी.

तपासणी केव्हां करावी यासंबंधींहि अनुभव बोलका आहे. तारीख आधीं कळविली कीं चादरी बदलतात, फुलदाण्या येतात, आणि एरवीं नसणारी परिचारिकाहि त्या दिवशीं हजर असते. म्हणून अमेरिकेनें १९८७ च्या कायद्यानें वृद्धांच्या शुश्रूषागृहांची तपासणी पूर्वसूचनेशिवाय व पंधरा महिन्यांच्या आंत झालीच पाहिजे असें ठरविलें. एवढेंच नव्हे, तर तपासणीची तारीख जो कोणी फोडील त्यास २,००० डॉलरपर्यंत दंड ठेवला. रात्रीची तपासणी तर अधिकच उद्बोधक. रात्रीं दोन वाजतां साठ माणसांमागें जागीं असलेलीं माणसें किती, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुष्कळशा इतर प्रश्नांचीं उत्तरें आपोआप मिळतात.

आणि तरीहि तपासणी फसते. हें सांगितल्यावांचून माझें विवेचन अपुरें राहील. इंग्लंडांत २००९ पासून 'केअर क्वालिटी कमिशन' ही संस्था हें काम करते. निगा सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, ममतेची आहे काय, माणसाच्या गरजेस अनुसरून आहे काय, व संस्थेचा कारभार नीट आहे काय, या पांच प्रश्नांवर ती संस्था निकाल देते, आणि 'उत्कृष्ट'पासून 'अपुरें'पर्यंत चार श्रेणी लावते. ही श्रेणी २०१५ पासून दर्शनी जागीं लावणें तेथें बंधनकारक आहे. परंतु ससेक्स परगण्यांतील 'ऑर्किड व्ह्यू' नांवाच्या नव्याकोऱ्या, आलिशान वृद्धगृहास २०१० मध्यें 'चांगलें' अशी श्रेणी मिळाली, व पुढच्याच वर्षीं, २०११ मध्यें, तें बंद करावें लागलें. तेथील एकोणीस मृत्यूंची चौकशी २०१३ मध्यें झाली. सर्वांचीच शुश्रूषा निकृष्ट प्रतीची होती, आणि पांच जणांच्या मृत्यूस हेळसांडीचा हातभार लागला, असा निष्कर्ष निघाला. प्रकरण उजेडांत आणलें तें तपासनिसांनीं नव्हे. औषधांच्या नोंदीचे कागद नष्ट करण्यास आपणांस सांगण्यांत आलें, असें तेथील कार्यालयांत काम करणाऱ्या एका स्त्रीनेंच पोलिसांस कळविलें.

श्रेणी ही दुधासारखी आहे; तिच्यावर तारीख पाहिल्याशिवाय ती घेऊं नये. व्यवस्थापक बदलला, दोन अनुभवी सेविका सोडून गेल्या, कीं सहा महिन्यांत घराची कळा बदलते. २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें इंग्लंडांतील नेहमींच्या तपासण्या थांबविण्यांत आल्या, आणि त्याच वेळीं नातेवाइकांनाहि दारें बंद झालीं. म्हणजे सरकारचा डोळा व घरच्यांचा डोळा हे दोन्ही एकदम मिटले. पुढें २०२४ मध्यें डॉ. पेनी डॅश यांनीं या कमिशनचीच तपासणी केली, तेव्हां तपासण्यांची संख्या सांथीपूर्वींच्या मानानें फारच कमी राहिल्याचें, व ज्या ठिकाणांची तपासणी करण्याचा कमिशनला अधिकार आहे त्यांपैकीं सुमारें एक पंचमांश ठिकाणांना कधींच श्रेणी मिळाली नसल्याचें निष्पन्न झालें.

आपल्याकडील स्थिति याहून वेगळी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधींचा केंद्रीय कायदा २००७ मध्यें झाला व महाराष्ट्रानें त्याखालीं २०१० मध्यें नियम केले. त्याच्या एकोणिसाव्या कलमांत प्रत्येक जिल्ह्यांत किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारला काढतां येईल, व त्याच्या व्यवस्थेचीं मानकें ठरवितां येतील, असें म्हटलें आहे. सर्व वृद्धाश्रमांची नोंदणी सक्तीची करून त्यांस किमान दर्जा लावून देण्याची योजना डिसेंबर २०१९ मध्यें लोकसभेंत मांडलेल्या दुरुस्ती-विधेयकांत होती. पण तें विधेयक कायद्यांत रूपांतरित झालें नाहीं. तेव्हां शहरांतून निघालेल्या खासगी आश्रमांच्या बाबतींत, देशभर एका मापानें मोजणारा तपासनीस आपल्यापाशीं नाहीं. तें काम नातेवाइकांकडेच येतें.

नातेवाइकानें तें कसें करावें ? पहिली भेट ठरवून घ्यावी, दुसरी न ठरवितां. आणि दुसरी भेट जेवणाच्या किंवा दिवे लागण्याच्या वेळेस असावी. आंत पाऊल टाकतांच येणारा वास ध्यानांत घ्यावा. लघवीचा वास वाईटच, पण फिनाइलचा अतिरेकहि संशयास्पद. कोपऱ्यांतली घंटी स्वतः दाबून कोण किती वेळानें येतें हें घड्याळावर पाहावें. तक्रारवही मागावी, ती कोरी असली तर आनंद मानूं नये, कारण चाळीस माणसांच्या घरांत वर्षभर एकहि तक्रार नाहीं, याचा अर्थ तक्रार करण्यास कोणी धजत नाहीं असाच बहुधा असतो. कोणी पडल्याच्या नोंदींत तारखेबरोबर वेळ लिहिलेली आहे काय, हें पाहावें. सर्वजण पहाटेंच पडत असतील, तर रात्रपाळींत माणसें कमी आहेत. सेविकांना पगार वेळेवर मिळतो काय व त्या किती दिवस टिकतात, याची चौकशी त्यांच्याशींच, आदरानें बोलून करावी. ज्या बाईस आठवड्याची सुटी नाहीं, तिच्याकडून आपल्या आईसाठीं हंसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे.

आईस आश्रमांत ठेवल्यावर भेटीस गेलेला मुलगा नेहमीं एकच प्रश्न विचारतो, "कसं काय, बरं आहे ना ?" आणि उत्तरहि एकच मिळतें, "सगळं ठीक आहे, तूं काळजी करूं नकोस." जिनें जन्मभर घरांतलीं दुखणीं मुलांपासून लपविलीं, ती येथें दुसरें काय सांगणार ? शिवाय मुलगा निघून गेल्यावर रात्र तिला याच लोकांबरोबर काढावयाची असते. म्हणून प्रश्न लहान व नेमके असावेत, आणि ते एकांतांत विचारावेत. काल रात्रीं उठलीस तेव्हां कोण आलें होतें ? अंघोळ कोणत्या वारीं झाली ? चष्मा कुठें आहे ? कानांतलें यंत्र चालू आहे ना ? एकादशीस काय खाल्लेंस ? अशा प्रश्नांस "सगळं ठीक" हें उत्तर बसत नाहीं.

दोष आढळला तर प्रथम व्यवस्थापकांस तारीख घालून लेखी कळवावें व उत्तराची प्रत जपून ठेवावी. तेथें दाद न लागल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीं १४५६७ या क्रमांकावर राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तिच्यावर पैसे न पडतां सल्ला मिळतो. आणि प्रवेशाच्या करारपत्रावर सही करण्यापूर्वीं एक कलम अवश्य शोधावें. पुष्कळ आश्रम चालत्या-फिरत्या, स्वतःचें स्वतः करूं शकणाऱ्या माणसासच घेतात. तें माणूस उद्यां अंथरुणास खिळलें, तर त्यास तेथेंच ठेवणार कीं आठ दिवसांत घेऊन जा म्हणणार, अनामत रकमेचें काय होणार, रुग्णालयांत हलवावयाचें झाल्यास रात्रीं गाडी व सोबत कोण देणार, हें त्या कागदांत लिहिलेलें नसेल, तर सहीच्या आधीं तें लिहून मागावें.